उकिरड्याची दैना

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. कितीही वाईट दिवस आले तरी ते कधीतरी पालटतात, असा तिचा अर्थ. गावच्या उकिरड्याचे पाहिले तर त्याला बारा वर्षेही लागत नसत. पावसाळ्याच्या तोंडाशी बैलगाड्या जुंपल्या जात, उकिरडा उकरला जाई आणि वर्षभर ज्याला नाके मुरडली तेच खत सोन्याच्या मोलाने शेतात जाई. आपल्या चेंबूरच्या शेजारी देवनारला मात्र १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पडत आला. म्हणजे त्या उकिरड्याचे वय शंभरीला टेकले, तरी त्याची दैना काही फिटली नाही. असे का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘फळा-भाज्यांच्या सालींचे घरगुती खत’ या विषयावर लिही, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड आहे आणि कुंड्यांचा नाद त्याहून मोठा आहे. खताची कृती शेवटी देतेच. पण ती कृती एका ओळीची नाही, तिच्यामागे मोठा इतिहास आहे. त्यात इंदूरचे होळकर आहेत, विलायतेतल्या दोन विद्वान बहिणी आहेत, चेंबूरची आपली आगगाडी आहे आणि पाठीवर पोते घेऊन कचरा वेचणाऱ्या आपल्या बहिणीही आहेत.

प्रथम आपल्या घरापासून सुरुवात करू. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिथे साल वाया जाते ही कल्पनाच नव्हती. दोडका चिरला तर शिरांची चटणी व्हायची. दुधीची साल तिळाबरोबर परतली जायची. कलिंगडाचा लाल भाग मुलांना आणि पांढरा भाग थालीपिठात. त्यातून जे उरेल ते गाई-शेळीपुढे आणि जनावरानेही तोंड लावले नाही ते उकिरड्यावर. गोठ्यातले शेण, गव्हाणीत उरलेला चारा, चुलीतली राख, अंगणातला पाला, सगळे तिथेच. काही गावांत दिवाळीच्या पाडव्याला पहाटे घरातला केर सुपात घेऊन, त्यावर दिवा ठेवून उकिरड्यावर नेत आणि बळीचे राज्य येवो म्हणत. ज्या जागेवर दिवा लावावा ती जागा घाणीची कशी म्हणायची?

ही रीत किती जुनी असेल? ‘कृषिपराशर’ नावाचा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे. माघ महिन्यात शेणाचा ढीग उकरावा, उन्हात वाळवावा, फाल्गुनात शेतात खड्डे करून त्यांत भरावा आणि पेरणीच्या वेळी ते खत पसरावे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे शेण तसेच ओले टाकू नये, ते मुरू द्यावे, हे आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ग्रंथ लिहिणाऱ्याने लिहिला खरा, पण रोज सकाळी पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर कोण जात असे, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको.

आता ही गोष्ट शास्त्राच्या दरबारात कशी गेली ते पाहा. १९०५ साली आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथील सरकारी शेती संस्थेत नोकरीला आले. त्यांनी आपल्याला शेतीतले नवे काही शिकवावे अशी सरकारची अपेक्षा होती. पण आजूबाजूचे शेतकरी औषधे न फवारताही निरोगी पिके काढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींनाच आपण गुरू केले, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले. साहेबी अमदानीत हे म्हणायला मोठे मन लागते.

त्याच १९०५ साली मुंबईत त्यांचे लग्न झाले. वधूचे नाव गॅब्रिएल मथाई. (आडनाव आपल्या केरळी आडनावासारखे वाटले तरी बाई युरोपियनच.) केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या होत्या आणि उष्णतेचा झाडाच्या पानांवर काय परिणाम होतो यावर त्यांनी लग्नापूर्वीच संशोधन केले होते. लग्नानंतर त्या नुसत्या साहेबांच्या मडमा म्हणून बंगल्यात बसल्या नाहीत. गव्हाच्या नव्या जाती तयार करण्याच्या कामात नवऱ्याच्या बरोबरीने शेतात उभ्या राहिल्या. १९१३ साली सरकारने त्यांना दुसऱ्या इंपीरियल इकॉनॉमिक बोटॅनिस्टचे पद दिले आणि त्याच वर्षी कैसर-इ-हिंद पदकही दिले. संशोधनाच्या कागदांवर दोघांची नावे असत. तरी आज खताचा विषय निघाला की ‘हॉवर्डसाहेब’ एवढेच नाव घेतले जाते. आपल्या महिला मंडळात तरी गॅब्रिएलबाईंचे नाव प्रथम घेतले जावे, असे मला वाटते.

१९२४ साली या जोडप्याच्या प्रयत्नाने इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. तिच्यासाठी होळकर दरबारने तीनशे एकर जमीन दिली. संस्था मुख्यतः कापसाच्या अभ्यासाची होती. पण जमीन सकस असल्याखेरीज कापूस चांगला कोठून येणार? म्हणून खताचे प्रयोग सुरू झाले. शेतातला पालापाचोळा, काड्या, तण, जनावरांच्या खालचे गवत, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचायचे, पाणी शिंपडायचे आणि ठराविक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. पहिल्यांदा साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. अशी तीन वेळा चाळण झाली की तीन महिन्यांत काळेभोर खत तयार.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. थर रचणे आपल्याकडे होते, मुरवणे होते. नवे होते ते मोजमाप. खत कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेही आपल्यासारखेच. त्यांना अन्न हवे, पाणी हवे आणि श्वास घ्यायला हवा हवी. वाळका पाला आणि काड्या म्हणजे त्यांची भाकरी. शेण आणि हिरवी साल म्हणजे त्यांचे कालवण. नुसत्या भाकरीने ते मंदावतात आणि नुसत्या कालवणाने पोट बिघडते, म्हणजे ढिगाला घाण येते. प्रमाण जमले तर ढीग आतून इतका तापतो की हात लावणे कठीण. उष्णतामान साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढते, त्यात तणांचे बी मरते आणि रोगजंतूही मरतात. आपल्या उकिरड्यात जे कधी साधे आणि कधी बिघडे, ते का साधते आणि का बिघडते हे इंदूरला सापडले.

दुर्दैवाने १९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, या प्रयोगांचे पुस्तक निघाले. शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत कसे करावे हा त्याचा विषय. त्यावर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड अशी दोन नावे आहेत. वाड हे संस्थेत रसायनाचे काम पाहत. इंदूरच्या खताचे नाव जगभर झाले, पण वाडांचे नाव आपल्या किती घरांत माहीत आहे? त्याच वर्षी हॉवर्डसाहेब हिंदुस्थान सोडून गेले आणि त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या धाकट्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी लग्न केले. या लुईझबाईंनी १९५३ साली हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातील कामाचा इतिहास लिहिला आणि त्यात आपल्या बहिणीचा वाटा नीट नोंदवून ठेवला. बहिणीचे काम बहिणीने जपले म्हणून आज ते आपल्याला कळते. आपणही आपल्या आयाबहिणींचे काम लिहून ठेवले पाहिजे, ते याचसाठी.

‘इंदूर पद्धत’ परदेशात गेली. चहाच्या मळ्यांत, कॉफीच्या मळ्यांत वापरली गेली. इकडे महात्मा गांधींनी १९३५ साली ‘हरिजन’मध्ये इंदूरच्या खताची माहिती देऊन तिचा पुरस्कार केला. १९३९ साली बंगळूरला डॉ. आचार्य यांनी शहरांसाठी निराळी पद्धत काढली. तीत चरांमध्ये कचऱ्याचे थर भरून ते मातीने झाकून ठेवायचे, वरखाली करण्याचे श्रम नाहीत. आपल्या कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात स्वतः सफाई करून मैल्याचेसुद्धा खत करून दाखवले. उच्चवर्णीय माणसाने हातात झाडू आणि खोरे घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, जोवर घाण काढणे हे एका जातीचे काम आहे तोवर अस्पृश्यता जाणार नाही. खताचा खड्डा हा त्यांच्या दृष्टीने नुसता शेतीचा प्रश्न नव्हता, माणुसकीचा होता.

इतके सगळे होऊनही शहरात खताची चाल का टिकली नाही? याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको, आपल्या चेंबूरच्या स्टेशनापर्यंत गेले म्हणजे पुरे.

शहरात परसू नाही, गोठा नाही. तेव्हा केर दाराबाहेर टाकायचा आणि तो कोणीतरी न्यायचा, अशी रीत पडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि केराची भीती लोकांच्या मनात कायमची बसली. केर जितका लांब जाईल तितके बरे. मुंबईचा कचरा शहराबाहेर नेण्यासाठी १९०६ साली कुर्ल्यापासून चेंबूरपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. त्या गाडीला लोक कचरा-गाडी म्हणत. इकडच्या दलदलीत तो कचरा भरला जाई. त्या मार्गावर माणसांची गाडी सुरू झाली ती १९२४ साली. तेव्हा आपण रोज ज्या गाडीने जातो-येतो, तिच्या रुळांवरून आपल्याआधी अठरा वर्षे दादर-गिरगावच्या घरांतल्या साली आल्या आहेत!

पाहा, कसा योगायोग आहे. १९२४ साली इंदूरला टाकाऊ पदार्थांचे सोने करण्याची संस्था निघाली आणि तीनच वर्षांनी, १९२७ साली, देवनारला मुंबईच्या कचऱ्याची जागा सुरू झाली. एकीकडे कचरा थर लावून मुरवला जात होता, दुसरीकडे सगळा एकत्र ओतला जात होता. पुढे १९६५ साली तुर्भे-चेंबूरला रासायनिक खताचा कारखाना सुरू झाला. नव्या बियाण्यांबरोबर त्या खतानेही देशाला धान्य दिले, हे विसरून चालणार नाही. दुष्काळात परदेशच्या गव्हावर दिवस काढलेल्या पिढीला त्याचे मोल ठाऊक होते. पण खत पोत्यात मिळू लागल्यावर शहराच्या सालींची शेताला गरज उरली नाही. शेतकरी आणि शहर यांच्यात जी देवाणघेवाण चालत असे, ती तुटली. त्यातच प्लास्टिक आले. सालीत पिशवी, पिशवीत काच, काचेत औषधाची बाटली. असा मिसळलेला कचरा कोणत्या शेतकऱ्याने घ्यावा?

हवा न लागता दाबून पडलेला ओला कचरा नीट कुजत नाही, सडतो. त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली ती आपल्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. कित्येक दिवस धूर होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, म्हाताऱ्या माणसांना श्वास घेणे अवघड झाले. तो धूर कोणाचा होता? थोडा माझ्या स्वयंपाकघराचा, थोडा तुमच्या. आणि तो सर्वांत जास्त सोसला तो गोवंडी-शिवाजीनगरच्या बायामुलांनी, ज्यांच्या घरच्या पाटीत साल पडते तीच मुळी थोडी.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती बायकांनीच घडवलेली आहे. अल्मित्रा पटेल नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९९६ साली शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २००० साली देशात कचऱ्याचे पहिले नियम झाले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या बहुतेक सभासद बायकाच. आपल्या मुंबईत, जवळच घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका वेगळा करून गल्ली स्वच्छ केली, त्यावरून महापालिकेने सगळ्या शहरासाठी योजना केली. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ साली ‘परिसर विकास’ हे काम सुरू केले. कचरा वेचणाऱ्या बायकांना खत करण्याचे शिक्षण दिले. ज्या बाईला कालपर्यंत लोक लांब उभे राहा म्हणत, ती सोसायटीच्या बागेत खताची जाणकार म्हणून उभी राहू लागली. मुंबई बंदराच्या मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ सालापासून तिथल्याच सालींवर बाग फुलवली. आणि २०१७ च्या २ ऑक्टोबरपासून, रोज शंभर किलोंहून अधिक कचरा होणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असे मुंबई महापालिकेने ठरवले.

म्हणजे परसू गेले तरी उकिरडा परत येऊ लागला आहे. फक्त तो आता कुंडीत मावेल एवढा झाला आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे कृती. इंदूरच्या खड्ड्यात जे होते तेच इथे, लहान मापाने.

एक मातीची मोठी कुंडी किंवा जुना माठ घ्यावा. बुडाशी आणि बाजूंना भोके असावीत. तळाला नारळाच्या शेंड्या पसरून वर वाळका पाला घालावा. मग रोजच्या साली. केळीची साल, बटाट्याची साल, मटाराची टरफले, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा (साखर-दूध धुऊन) हे सगळे चालते. साल जितकी बारीक चिराल तितकी लवकर मुरेल. दर थरावर तितकाच किंवा त्याहून थोडा जास्त वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर जुने खत, शेण किंवा चमचाभर आंबट ताक घालावे. दुधाला विरजण लावतो तसेच हे आहे. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे आणि तोंड झाकून ठेवावे.

ओलावा किती असावा? पिळून काढलेल्या ओल्या फडक्याएवढा. हातात दाबले तर थेंब गळता कामा नये. वास आला तर समजावे की पाणी जास्त झाले आणि हवा कमी पडली. वाळका पाला घालून ढवळावे, दोन दिवसांत वास जातो. चिलटे झाली तर सालींवर पाल्याचा जाड थर द्यावा. मुंग्या लागल्या तर खत फार कोरडे झाले असे समजून पाणी शिंपडावे. तेलकट-तुपकट, मासळीचे काटे आणि फार खारट पदार्थ घालू नयेत. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्या चालतात, पाटीभर नकोत. कुंडी भरली की दुसरी धरावी आणि पहिली मुरू द्यावी. दोन-तीन महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार झाले. चाळून घ्यावे, जाड राहील ते पुन्हा नव्या कुंडीत. तुळशीला महिन्याकाठी एक मूठ पुरे.

आमच्या घरी चार माणसे आहेत. दोन कुंड्या आळीपाळीने पुरतात, आणि कचरेवाल्या मावशींना द्यायच्या डब्यात आता ओले जवळजवळ काही नसते. त्यांचे हात कोरडे राहतात आणि कागद-डबे चांगल्या भावात विकले जातात. मला खतापेक्षा या गोष्टीचे समाधान जास्त आहे.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण लुटतो. प्लास्टिकच्या डब्या सगळ्यांच्याच घरी ढिगाने साठल्या आहेत. येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्रत्येकीला मूठभर तयार खत आणि भोके पाडलेली एक लहान मातीची कुंडी द्यावी. ज्यांच्याकडे खत तयार आहे त्यांनी ते मंडळात आणून द्यावे. माझ्याकडून पहिली पाटी मी देईन. आणि त्या दिवशी मंडळात कामाला येणाऱ्या सफाईच्या मावशींनाही हळदीकुंकवाला बोलवावे, कुंकू लावावे आणि पहिले वाण त्यांच्या हाती द्यावे. सभेत या सूचनेवर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.